बापाच्या रकान्यात कोण? स्टॅन्लीच्या वंशावळीचं प्रकरण

उत्तर वेल्समध्ये डेनबी नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट हिलरी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत 19 फेब्रुवारी 1841 या तारखेला एक नोंद आहे. बाळ जॉन रोलँड्स, जन्म 28 जानेवारी. बाप जॉन रोलँड, राहणार लिस, लानरायडर. आई एलिझाबेथ पॅरी, राहणार कॅसल. आणि याच नोंदीत पाद्र्याने लिहिलेला एक शब्द आहे: बास्टर्ड. आपल्याकडच्या कागदांत 'अनौरस' असा सभ्य शब्द आला असता. इथे तो सरळ शिवीसारखा येतो, आणि तेव्हाच्या चर्चच्या वह्यांत त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

हेच बाळ पुढे हेन्री मॉर्टन स्टॅन्ली झालं. न्यूयॉर्क हेरल्डचा बातमीदार, आफ्रिकेत बेपत्ता झालेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन याला शोधून काढणारा, आफ्रिकेवर जाडजूड आणि तडाखेबंद खपाची पुस्तकं लिहिणारा. त्याच्या आफ्रिकेतल्या कारकिर्दीवर, विशेषतः बेल्जियमच्या राजासाठी काँगोत त्याने जे केलं त्यावर, बरंच लिहिलं गेलंय आणि लिहिलं जायलाही हवं. इथे मात्र मला फक्त त्याची वंशावळ मांडायची आहे. कुळवृत्तांताचं काम करणाऱ्यांना हे प्रकरण फार शिकवून जातं. कारण यात कागद आहेत, गावगप्पा आहेत आणि खुद्द त्या माणसाने लिहिलेलं आत्मचरित्रही आहे, आणि या तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

प्रश्न दोन. जन्मदाता बाप कोण? आणि ज्याचं आडनाव लावून तो जगला, त्या न्यू ऑर्लिन्सच्या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याला खरंच दत्तक घेतलं होतं का?

आजोळ पक्कं आहे

आधी जे ठाम आहे ते बाजूला काढून ठेवू. आईबद्दल शंका नाही. एलिझाबेथ पॅरी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. पॅरी हे आडनाव म्हणजे मुळात 'अॅप हॅरी', हॅरीचा मुलगा. वेल्समध्ये कित्येक पिढ्या बापाचं नावच आडनावाच्या जागी यायचं. आपल्याकडे ते नावाच्या मधोमध राहिलं, तिथे शेवटी जाऊन गोठलं. प्राइस म्हणजे 'अॅप रिस', रोलँड्स म्हणजे रोलँडचा. त्यामुळे एकाच खोऱ्यात पाच जॉन रोलँड्स सापडले तर दचकायचं नाही. उलट एकच सापडला तर शोध नीट झाला नाही असं समजायचं.

मूल आजोळी वाढलं. आईचे वडील मोझेस पॅरी, एकेकाळी बरे चाललेले खाटीक, आता खालावलेले, डेनबीच्या किल्ल्याच्या भिंतीलगत राहत होते. नोंदीतलं 'राहणार कॅसल' ते हेच. आजोबा पोराला 'शोनिन' म्हणायचे, म्हणजे आपला जान्या. आत्मचरित्रातला एक प्रसंग खरा वाटतो, कारण त्यात लेखकाचा काही फायदा नाही. पोराच्या हातून पाण्याचा घडा फुटतो. आजोबा बोट उगारून सांगतात की परत आलो की चांगला चोप देतो. मग ते शेतात जातात आणि तिथेच कोसळून मरतात. हे 1846 सालचं. पोरगं पाच वर्षांचं होतं, आणि मार चुकला म्हणून त्याला आधी हायसं वाटलेलं.

त्यानंतर मामांनी, मोझेस आणि थॉमस यांनी, त्याला प्राइस नावाच्या जोडप्याकडे ठेवलं आणि आठवड्याला अर्धा क्राउन द्यायला सुरुवात केली. पुढे ते पैसे थांबले. 20 फेब्रुवारी 1847 रोजी प्राइसांच्या मुलाने त्याला मावशीकडे नेतो असं सांगून घराबाहेर काढलं आणि सेंट आसफच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसच्या दारात नेऊन सोडलं. मावशी खरोखर होती. मेरी ओवेन, ट्रेमेर्खियनजवळ तिची शेती आणि खाणावळवजा दुकान होतं. थाप पचावी म्हणून खरं नातं वापरलं गेलं. वंशावळ शोधताना अशा थापा जपून ठेवाव्यात, कारण त्यांतून खरी माणसं सापडतात.

आईची आणि मुलाची पुढची नोंद घेण्यासारखी भेट याच वर्कहाउसात झाली. पोरगं दहाएक वर्षांचं. जेवणाच्या वेळी सगळे जमलेले असताना मास्तर जेम्स फ्रान्सिस त्याच्याजवळ आला आणि एका बाईकडे बोट दाखवलं. उंच, लांबट चेहऱ्याची, मागे काळ्याभोर केसांचा भला मोठा अंबाडा. ओळखतोस का, म्हणाला. नाही, सर. अरे, स्वतःच्या आईला ओळखत नाहीस? ती दोन मुलांसह आश्रयाला आली होती. ती मुलं त्याची सावत्र भावंडं. पोराच्या मनात माया उचंबळली, आणि तिने त्याच्याकडे थंडपणे पाहिलं, एवढंच तो लिहितो.

'अंकल' म्हणजे नक्की कोण?

आता एक बारीकशी गोष्ट, जिच्यासाठी मराठी येणं कामी आलं. आत्मचरित्रात वर्कहाउस सोडण्याचा प्रसंग नाट्यमय आहे. मे 1856 मध्ये जुलमी फ्रान्सिसला त्याने बदडलं आणि भिंत ओलांडून पळाला. वर्कहाउसच्या वहीत मात्र असा शेरा आहे की हॉलीवेलच्या नॅशनल स्कूलमध्ये अंकलकडे गेला. वहीत मारामारी नाही, पळून जाणं नाही. चरित्रकारांनी बरोबरच वहीला झुकतं माप दिलंय. मारामारीची गोष्ट मला इतकी जमलेली वाटते की ती कादंबऱ्या वाचून सुचली असावी.

पण तो 'अंकल' कोण? मोझेस ओवेन नावाचा शाळामास्तर. तो मेरी मावशीचा मुलगा, म्हणजे मावसभाऊ. वयाने मोठा, पोटापाण्याला लागलेला, म्हणून कारकुनाने अंकल लिहून टाकलं. इंग्रजी कागदात हा एक शब्द काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळ्यांना पुरतो आणि वर थोरल्या मावसभावालाही चालून जातो. त्यामुळे अशी वही वाचताना मी आधी प्रत्येक अंकलपुढे मराठीत नातं लिहून पाहतो. ते लिहिता आलं नाही तर समजायचं की आपल्याला अजून माहीत नाही.

या प्रकरणात तसं केलं की एक चित्र लख्ख दिसतं. पैसे देणारे मामा. आसरा देणारी मावशी. शाळेत घेणारा मावसभाऊ. पुढे लिव्हरपूलला ठेवून घेणारी दुसरी मावशी मारिया आणि तिचा नवरा टॉम मॉरिस. सगळे आजोळचे. बापाकडचा माणूस एकदाच येतो. पोरगा लिसच्या शेतावर आजोबांकडे जातो. म्हातारा पाइप ओढत बसलेला. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, आलास त्या वाटेने परत जा, माझ्याकडून काही व्हायचं नाही.

बापाचे तीन दावेदार

पहिला दावेदार कागदावरचा, लिसचा जॉन रोलँड. त्याच्या बाजूने काय आहे? बाप्तिस्म्याची नोंद, मुलाला लागलेलं आडनाव आणि तो शेतावरचा प्रसंग. म्हातारा त्याला हाकलतो, पण 'तू आमचा कुठला?' असं म्हणत नाही. आत्मचरित्राच्या हवाल्याने आलेली ही गोष्ट असल्याने तिला फार वजन देऊ नये. पण खोटं रचणारा माणूस स्वतःच्या अपमानाचा प्रसंग इतक्या साधेपणाने रचतो का, हाही प्रश्न आहे.

विरुद्ध बाजूला सगळ्यांत मोठी अडचण ही की चर्चची वही बापाबद्दलचा पुरावा नसतेच. ती आईने, किंवा आईच्या वतीने कुणी, पाद्र्याला काय सांगितलं याचा पुरावा असते. बाळ जन्मलं याला साक्षीदार असतात. ते कुणाचं याला बहुतेक वेळा एकच.

बापाविरुद्धचा दुसरा कागद का शोधत नाही, असं कुणी विचारेल. अठराव्या शतकात अशा मुलाच्या खर्चासाठी पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावकारभार, बापाच्या मागे लागायची, त्याच्याकडून हमी लिहून घ्यायची, आणि ते कागद आज वंशावळकारांसाठी सोनं आहेत. पण 1834 च्या गरीब कायद्याने ओझं आईवर टाकलं. बापाकडून वसुली करायची तर वेगळा पुरावा लागे, आणि तो मिळणं कठीण होतं. 1844 मध्ये आईला स्वतः दाद मागण्याची सोय पुन्हा झाली. आपलं बाळ 1841 चं, नेमकं या खाचेत पडलेलं. 1841 ची शिरगणतीही मदतीला येत नाही, तिच्यात कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिण्याचा रकानाच नव्हता. तो 1851 मध्ये आला, आणि तोवर पोरगं वर्कहाउसात होतं.

दुसरा दावेदार गावगप्पांतला. जेम्स व्हॉन हॉर्न, डेनबीचा वकील, विवाहित, दारूच्या आहारी गेलेला. खरा बाप तो, आणि रोलँडने नाव आपल्यावर घेतलं, असं बोललं जाई. हे अशक्य नाही. छोट्या गावात वकिलाची अब्रू शेतकऱ्याच्या अब्रूपेक्षा महाग असते. पण या दाव्याला त्या काळातल्या कागदाचा आधार नाही, आणि असल्या कुजबुजीला एक ठरलेली खोड असते. पोर मोठेपणी नाव काढतं आणि मग लोकांना त्याच्यासाठी जरा बरा बाप लागतो. शेतकऱ्याच्या पोराने लिव्हिंग्स्टनला शोधलं यापेक्षा वकिलाच्या पोराने शोधलं हे पचायला सोपं. म्हणून हॉर्नचं नाव मी टिपणात ठेवतो, तक्त्यात नाही.

तिसरा दावेदार खुद्द स्टॅन्लीने उभा केलेला. तिथे जरा थांबावं लागेल.

न्यू ऑर्लिन्सचा बाप

डिसेंबर 1858 मध्ये 'विंडरमेअर' या जहाजावर पोऱ्या म्हणून तो लिव्हरपूलहून निघाला आणि न्यू ऑर्लिन्सला उतरून जहाजावरून पळाला. आत्मचरित्र सांगतं की एका दुकानाबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेल्या गृहस्थाला त्याने विचारलं: पोऱ्या हवाय का, साहेब? ते हेन्री होप स्टॅन्ली, कापसाचे बडे व्यापारी, निपुत्रिक, मुलासाठी झुरणारे. त्यांनी काम मिळवून दिलं, लळा लावला, आणि एके दिवशी ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि स्वतःचं नाव दिलं. 1861 मध्ये ते वारले.

गोष्ट वाचताना गळा दाटतो. दोन बाप्तिस्मे समोरासमोर ठेवून पाहा. पहिल्यात पाद्री 'बास्टर्ड' लिहितो. दुसऱ्यात एक सज्जन माणूस म्हणतो, आजपासून तू माझा. पहिल्याची नोंद चर्चमध्ये आहे. दुसऱ्याची फक्त त्याच्या पुस्तकात.

आणि पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं की गोष्ट ढासळते. हेन्री होप स्टॅन्ली नावाचा व्यापारी न्यू ऑर्लिन्समध्ये होता, यात वाद नाही. पण तो 1861 मध्ये वारला नाही. तो 1878 मध्ये वारला. तोवर आपला नायक जगप्रसिद्ध होऊन सहा वर्षं झाली होती. ज्याने आपल्याला मुलगा मानलं तो कधी वारला हे माणूस एखाद्या वर्षाने चुकू शकतो. सतरा वर्षांनी नाही. या आणि अशा विसंगतींवरून चरित्रकार जॉन बीअरमनने 1990 च्या सुमारास म्हटलं की दत्तकविधान झालंच नाही. दुसरा चरित्रकार टिम जील 2007 मध्ये आणखी पुढे गेला. व्यापाऱ्याच्या घरच्या इतक्या साध्या गोष्टी चुकल्यात की या दोघांची भेटही झाली नसावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. मग पोराला हात कुणी दिला? जेम्स स्पीक नावाच्या साध्या वाणसामानाच्या दुकानदाराने. ऑक्टोबर 1859 मध्ये तो अचानक वारला. आत्मचरित्रात स्पीक आहे, पण मालक म्हणून, बाप म्हणून नाही.

मला जीलचं पटतं. पोराला माया खरोखर मिळाली, ती एका वाण्याकडून, काही महिनेच. ती अर्धवट सुटली. नंतर त्याने ती माया तशीच ठेवली आणि तिच्यावर शहरातल्या एका बड्या माणसाचं नाव चिकटवलं. हॉर्नच्या बाबतीत गावाने जे केलं, तेच त्याने स्वतःच्या बाबतीत केलं.

नावही एका झटक्यात आलं नाही. 1861 मध्ये तो अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत दाखल झाला तेव्हा विल्यम एच. स्टॅन्ली होता. मधलं नाव मोरलेक, मोरलँड असं करत करत मॉर्टनवर येऊन थांबलं. दत्तक बापाने एकदाच कपाळावर पाणी शिंपडून नाव दिलं असतं, तर मधल्या नावासाठी इतकी चाचपणी कशाला?

रोलँड्स आणि स्टॅन्ली एकच, हे कसं कळतं

हा टप्पा लोक गाळतात, कारण उत्तर आधीच माहीत असतं. पण 1872 मध्ये ते माहीत नव्हतं. लिव्हिंग्स्टनला भेटून तो परतला तेव्हा वेल्समधून आवाज उठला की हा तर आमचा डेनबीचा जॉन. त्याने ते साफ नाकारलं, आपण अमेरिकन असल्याचं सांगत राहिला. त्याच वर्षी लंडनच्या जॉन कॅम्डन हॉटन या प्रकाशकाने त्याचं चरित्र बाजारात आणलं. लेखकाचं नाव कॅडवालडर रोलँड्स. वाचणाऱ्याला वाटावं घरचाच कुणी भाऊबंद. ते टोपणनाव होतं. आडनाव जुळलं म्हणून नातं जुळलं असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक नजरेसमोर ठेवावं.

खरा धागा त्याआधीचा आहे. डिसेंबर 1866 मध्ये एक तरुण अमेरिकन आरमाराच्या गणवेशात डेनबीत आला आणि किल्ल्यातल्या पाहुण्यांच्या वहीत त्याने सही केली: जॉन रोलँड्स, पूर्वी याच किल्ल्याचा रहिवासी, आता अमेरिकी आरमारात एन्साइन. एन्साइन, म्हणजे आरमारातला कनिष्ठ अधिकारी, तो कधीच नव्हता. आरमारात जहाजावरचा कारकून होता आणि 1865 मध्येच पळाला होता. हुद्दा खोटा, पण पत्ता खरा. 'याच किल्ल्याचा' हे शब्द पंचवीस वर्षांपूर्वीच्या सेंट हिलरीच्या नोंदीतल्या 'राहणार कॅसल'ला जाऊन भिडतात. बाप त्याला ठाऊक नव्हता, आजोळचा उंबरा मात्र होता.

चार वर्षांआधी, 1862 च्या अखेरीस, तो आजारी आणि फाटक्या कपड्यांत आईच्या दारात आला होता. तेव्हा ती ग्लासकॉइडला नवऱ्याबरोबर गुत्ता चालवत होती. तिने त्याला परत पाठवलं. 1866 चा तो गणवेश आणि तो खोटा हुद्दा मला त्या दाराकडे पाहूनच चढवलेला वाटतो.

डीएनएने सुटेल का?

हा प्रश्न हल्ली प्रत्येक बैठकीत येतो. बापाची ओळ वाय गुणसूत्राने तपासतात, आणि ती बापाकडून फक्त मुलाकडे जाते. स्टॅन्लीने 1890 मध्ये डोरोथी टेनंटशी लग्न केलं. त्यांना मूल झालं नाही, त्यांनी डेंझिल नावाचा मुलगा दत्तक घेतला. त्यामुळे वाय गुणसूत्राची वाट त्याच्यापाशीच संपते. सावत्र भावंडांच्या वंशजांतून जे मिळेल ते आईकडचं, आणि आईबद्दल आपल्याला प्रश्नच नाही. म्हणजे ज्या रकान्यासाठी एवढा खटाटोप, तिथे प्रयोगशाळेचाही उपयोग नाही.

जाता जाता आपल्याकडचं. लिव्हिंग्स्टनच्या शोधाला निघण्याआधी स्टॅन्ली 1870 मध्ये मुंबईत होता. 12 ऑक्टोबरला तो तिथून जहाजाने निघाला. त्याच्या तांड्याचा म्होरक्या सिदी मुबारक, ज्याला गुलामीत हिंदुस्थानात काढलेल्या वर्षांमुळे बॉम्बे हेच नाव पडलेलं. आणि 1872 मध्ये स्टॅन्लीने झांझिबारहून लिव्हिंग्स्टनकडे जी माणसं पाठवली, त्यांत नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट होता. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला पोरगा, मिशनने दिलेलं नाव. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी नेणाऱ्यांत स्टॅन्लीही होता आणि जेकबही. दोघांचीही आडनावं बापाकडून आलेली नव्हती.

तक्ता कसा मांडला

आईकडे मोझेस पॅरीपर्यंत पक्की रेघ. बापाच्या चौकटीत लिसचा जॉन रोलँड, पण तुटक रेघेने, आणि खाली टीप: आधार फक्त 1841 ची बाप्तिस्मा नोंद आणि आडनाव. हॉर्न तक्त्याबाहेर. हेन्री होप स्टॅन्लीला रेघ नाही. दत्तकाचा एकमेव साक्षीदार तो मुलगाच, आणि त्याची साक्ष मृत्यूच्या सालातच फुटलेली. स्पीकचं नाव तक्त्यात बसत नाही, कारण वंशावळीला माया दाखवायची खूण नाही. त्याच्यासाठी मी समासात एक ओळ लिहिली.

स्टॅन्ली 10 मे 1904 रोजी वारला. अॅबीत जागा मिळाली नाही, म्हणून त्याला सरे परगण्यात पिरब्राइटला पुरलं. वर एक ओबडधोबड भला थोरला दगड उभा आहे. त्यावर कोरलंय: हेन्री मॉर्टन स्टॅन्ली. त्याखाली बुला मटारी, म्हणजे दगडफोड्या, हे काँगोतलं नाव. मग 1841–1904. आणि शेवटी एकच शब्द, आफ्रिका. डेनबीच्या वहीशी जुळणारी त्या दगडावर एकच गोष्ट आहे, जन्माचं साल.